डहाणूचे कापरेकर आणि ‘क्ष’च्या आधीचे गणित

रोजमेळ मिळत नाही आणि फरक २७ रुपयांचा येतो, तेव्हा जुना मुनीम सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो : हा फरक नऊने निःशेष भागला जातो का? जात असेल, तर पावती हरवलेली नसून बहुधा कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली आहे. २७ ला ९ ने भागून ३ येतात, म्हणजे जागा बदललेल्या त्या दोन अंकांमध्ये तीनाचे अंतर असणार. ५८ चे ८५ झाले असेल, ४१ चे १४ झाले असेल किंवा ९६ चे ६९. एवढे कळले की शोधाचे क्षेत्र एकदम आकसते. हिशेबनीसांमध्ये ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बँकांच्या शाखांमध्ये संगणक येईपर्यंत संध्याकाळच्या ताळमेळाच्या वेळी तिचा आधार हमखास घेतला जाई.

ही युक्ती चालते, एवढे सर्वांना ठाऊक असे. ती का चालते, हे मात्र क्वचितच कोणी विचारी. उत्तर अगदी साधे आहे. ५८ मध्ये ५ हा अंक दहापट मोजला जातो आणि ८ हा एकपट. अंक उलटले की पाचाचे मोल नऊ पटींनी घटते आणि आठाचे नऊ पटींनी वाढते. म्हणून फरक नेहमी त्या दोन अंकांतील अंतराच्या नऊपटच येतो. मग संख्या कोणतीही असो. ‘संख्या कोणतीही असो’ हे शब्द ज्या मुलाच्या तोंडून समजून-उमजून निघाले, त्याने बीजगणिताचा उंबरठा ओलांडला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याने ‘क्ष’ हे अक्षर त्या दिवसापर्यंत पाहिलेही नसेल.

संख्यांकडे अशा नजरेने पाहण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत जन्मले, हे डहाणूकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल? डहाणूचे नाव निघाले की चिकू आठवतो, समुद्रकिनारा आठवतो, वारली चित्रे आठवतात. जगभरच्या गणितप्रेमींना मात्र ६१७४ हा आकडा आठवतो.

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले आणि वडिलांनी त्यांना वाढविले. वडील कारकून होते. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता आणि त्या निमित्ताने घरात आकडेमोड सतत चाले. मुलाला लागलेली संख्यांची गोडी तेथूनच आली, असे म्हटले जाते. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन बाहेर पडले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ इतका प्रदीर्घ काळ ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळाशिक्षक होते. विद्यापीठातील पंडितांपैकी अनेकांना त्यांचे काम क्षुल्लक, मनोरंजनापुरते वाटे. त्यांचे लेखन पुष्कळसे स्वतःच छापून घेतलेल्या लहानशा पुस्तिकांमधून प्रसिद्ध होई. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते निवर्तले.

आता तो ६१७४. ज्यातील सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून सर्वांत मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लिहून सर्वांत लहान करावी आणि वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करीत जावे. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ वरून ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ९५३१ − १३५९ = ८१७२. मग ८७२१ − १२७८ = ७४४३. मग ७४४३ − ३४४७ = ३९९६. मग ९९६३ − ३६९९ = ६२६४. मग ६६४२ − २४६६ = ४१७६. आणि सातव्या वेळी ७६४१ − १४६७ = ६१७४. येथून पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येत राहते. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच मुक्कामाचे ठिकाण गाठले जाते. कापरेकरांना हे १९४६ मध्ये गवसले आणि १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ते मांडले.

चौथीच्या वर्गात हा खेळ दिला तर काय होते, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्या मुलांना वजाबाकीची दहा उदाहरणे सोडवण्याचा कंटाळा येतो, तीच मुले न सांगता वीस वजाबाक्या करतात. हातचा चुकला तर ६१७४ येत नाही, म्हणून स्वतःची चूक स्वतःच शोधतात. पण वजाबाकीचा सराव हा येथला दुय्यम लाभ. मुख्य लाभ पुढे आहे. कोणीतरी मूल म्हणते, ‘गुरुजी, मधली सगळी उत्तरे नऊच्या पाढ्यातली आहेत.’ तीन अंकी संख्या घेतल्या तर दुसरे कोणी म्हणते, ‘मधला अंक नेहमी नऊच येतो.’ ८५१ − १५८ = ६९३, ७३२ − २३७ = ४९५. खरेच नऊ. आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही नऊ. येथे शिक्षकाने घाई करू नये. ‘का?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून एक दिवस तसाच राहू द्यावा.

दुसऱ्या दिवशी रोजमेळाची युक्ती कामी येते. तीन अंकी संख्या उलटली की शतकाचा अंक शंभरपटीवरून एकपटीवर येतो, एककाचा अंक एकपटीवरून शंभरपटीवर जातो आणि मधला अंक जागचा हलत नाही. म्हणून फरक हा कडेच्या दोन अंकांतील अंतराच्या ९९ पट. ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४... हा ९९ चा पाढा लिहिला की मधला नऊ डोळ्यांसमोर उभा राहतो (९९ म्हणजे ०९९ असे वाचले की तोही त्यात बसतो). मोठ्या मुलांनी ही गोष्ट अक्षरांत लिहावी. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील, तर फरक ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढा येतो. ७६४१ साठी ९९९ × ६ आणि ९० × २, म्हणजे ५९९४ अधिक १८०, बरोबर ६१७४. सूत्र येथे शेवटी आले, कोडे आधी होते. आपल्या शाळांत बहुधा क्रम उलटा असतो. सूत्र आधी येते आणि कोडे कधीच येत नाही.

कापरेकरांच्या पोतडीत अशा अनेक चिजा होत्या. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची : २३ मध्ये २ + ३ मिळवून २८, त्यावरून ३८, त्यावरून ४९. अशा रीतीने जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून निर्माण होत नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटले. १, ३, ५, ७, ९ आणि मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. मुले या यादीकडे पाहतात आणि अकराची चाल चटकन ओळखतात. व्यापारी घरातील मुलांसाठी यात आणखी एक गंमत आहे. २३, २८, ३८, ४९ या मालिकेतील सर्व संख्यांच्या अंकांची बेरीज विचारली तर एकेक अंक मिळवण्याची गरज नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करा आणि शेवटच्या संख्येचे अंक मिळवा : ४९ − २३ = २६, अधिक १३, एकूण ३९. खातेवहीत अखेरच्या शिलकेतून आरंभीची शिल्लक वजा केली की मधली सर्व जमा एका रेघेत मिळते, तोच हा न्याय.

वर्गाचे तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत देणाऱ्या संख्यांना तर त्यांचेच नाव मिळाले आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. पाढे पाठ करताना रडकुंडीला आलेल्या मुलाला हे नाव सांगून पाहावे.

तराजूची दांडी

बीजगणिताची भीती मुलांना सहावी-सातवीत वाटू लागते, पण तिचे मूळ पहिली-दुसरीत असते. ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ मुलांच्या मनात ‘आता उत्तर लिहा’ असा पक्का होऊन बसतो. अमेरिकेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात प्राथमिक शाळेतील मुलांना ८ + ४ = □ + ५ असे विचारले. बहुसंख्य मुलांनी चौकटीत १२ लिहिले किंवा सगळे मिळवून १७ लिहिले. ७ लिहिणारी मुले अगदी थोडी निघाली. आपल्याकडच्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न देऊन पाहावा. फार वेगळे चित्र दिसेल, अशी आशा बाळगण्याचे कारण नाही.

व्यापारी घरांनी या बाबतीत एक गोष्ट गमावली आहे. दांडीचा तराजू हा समीकरणाचा साक्षात अवतार होता. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजने. दांडी आडवी झाली म्हणजे दोन्ही बाजू समान. दोन्हीकडून सारखेच काढले तरी दांडी ढळत नाही. दुकानात बसलेल्या मुलाला समीकरण सोडवण्याचे सर्व नियम कोणी न सांगता कळत असत. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर नुसता आकडा झळकतो. काटा अचूक आहे, ग्राहकाच्या हिताचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिकवणुकीचे एक उत्तम साधन दुकानातून गेले, हेही खरे. माळ्यावर पडलेला जुना तराजू खाली काढून नातवंडांपुढे ठेवावा. एका पारड्यात सुपारीच्या तीन बंद पुड्या आणि ५० ग्रॅमचे वजन, दुसऱ्यात २०० ग्रॅम. दांडी आडवी. एका पुडीत किती? मूल दोन्हीकडचे पन्नास काढून टाकील आणि उरलेल्या दीडशेचे तीन वाटे करील. वहीत हेच समीकरण क्ष घालून लिहिलेले असते तेव्हा ते घाबरते.

तीच गोष्ट पावकी, निमकी, दिडकी, औटकीची. जुन्या पिढीने ती घोकली आणि नव्या पिढीने ती सोडून दिली. दोघांनीही तिच्यातला विचार फारसा पाहिला नाही. दिडकी म्हणजे संख्या अधिक तिचा अर्धा. अठ्ठेचाळीस दिढे? ४८ आणि २४, बहात्तर. औटकी म्हणजे तिप्पट अधिक अर्धा. हे एकदा उमगले की कोष्टक पाठ नसले तरी चालते, आणि ‘कोणत्याही संख्येसाठी’ बोलण्याची सवय लागते. दुकानातला आणखी एक प्रश्न पाचवी-सहावीच्या मुलांना विचारण्याजोगा आहे : किमतीवर शेकडा दहा चढवले आणि मग शेकडा दहा सूट दिली, तर भाव पूर्ववत होतो का? ५०० चे ५५० होतात आणि ५५० वरून ४९५. दुसरी, तिसरी रक्कम घेऊन पाहिली की दर वेळी शेकडा एक घट येते. असे का, हे मुलाने सांगावे; मोठ्यांनी गप्प राहावे. (४९५ हा तीन अंकी संख्यांसाठीचा कापरेकरांचा मुक्काम आहे, हा निव्वळ योगायोग.)

कोसबाडची टेकडी, झरीची सभा

डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीचे नाव भारतीय बालशिक्षणाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडला आले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी परिसरात मिळणाऱ्या बिया, खडे, शिंपले, पाने आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली. आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने गौरविले.

याच १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली शेतमजुरांची मोठी सभा झाली. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध ते उठले होते. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी माणूस वर्षानुवर्षे धन्याच्या घरी राबत असे आणि ते कर्ज कधी फिटले, हे ठरवणारी वही धन्याच्याच हाती असे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन आहे. व्यापारी कुटुंबांसाठी निघणाऱ्या मासिकात ही आठवण काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण ती येथे अगदी प्रस्तुत आहे. समोरच्या वहीतला आकडा पडताळता न येण्याची किंमत या दोन तालुक्यांनी माणसांच्या आयुष्यात मोजलेली आहे. आज वेठ नाही. तरीही मजुरीचा हिशेब, बचत गटाचे व्याज, मोबाईलच्या हप्त्याचा खरा दर, चिकूच्या बागेतील उक्त्या कामाचा भाव हे सर्व आहेच. ‘इतक्याला इतके, तर तितक्याला किती आणि का’ हा प्रश्न स्वतः मांडता येणे, ही तलासरीच्या आश्रमशाळेतील मुलीच्या दृष्टीने केवळ परीक्षेची बाब नाही.

या मुलांजवळ आकृतिबंधांचे भांडार घरातच आहे. वारली चित्रातील माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर डोक्याचे वर्तुळ. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रभाषा जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारपा नाचाची ओळ भिंतीवर काढली असेल तर प्रश्न आपोआप सुचतात. दहा नाचणाऱ्यांसाठी त्रिकोण किती? वीस. हातात हात गुंफल्याच्या जागा किती? ओळ मोकळी असेल तर नऊ, वर्तुळ बंद झाले तर दहा. चिकूची झाडे दहा दहा मीटरवर लावायची असतील तर शंभर मीटरच्या ओळीत झाडे दहा की अकरा? नाच आणि बाग यांत एकच गणित दडले आहे, हे मुलांना दिसले की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

काड्यांचे त्रिकोण हा त्याहून समृद्ध खेळ. एका त्रिकोणाला तीन काड्या. त्याला चिकटून दुसरा केला तर एक काडी सामायिक, म्हणून एकूण पाच. तीन त्रिकोणांना सात. मुले लगेच म्हणतात, ‘दोन-दोनने वाढते.’ बहुतेक वर्गांत धडा येथेच संपतो, आणि तेथेच तो संपू नये. ‘दोनने वाढते’ ही शिडी आहे. तिच्यावरून एकेक पायरीनेच चढता येते. शिक्षकाने विचारावे : शंभर त्रिकोणांना किती? आता शंभर पायऱ्या चढण्याचा कंटाळा मुलाला विचार करावयास लावतो. एक मुलगी म्हणेल, पहिल्याला तीन आणि उरलेल्या नव्याण्णवांना दोन-दोन, म्हणून २०१. दुसरा म्हणेल, सुरुवातीला एक काडी उभी ठेवा आणि मग प्रत्येक त्रिकोणाला दोन-दोन. १ + २००, तेही २०१. दोन वेगळे विचार, उत्तर एकच. ते नेहमीच एक येईल का? हा वाद वर्गात पेटला पाहिजे. अनेक मुलांचा शंभर गुणिले तीन, तीनशे, असा झटपट जबाब येतो. तोही फळ्यावर लिहावा आणि सामायिक काड्या मोजून त्यांनाच तो दुरुस्त करू द्यावा. चिंचोक्यांनी १, मग त्याभोवती काटकोनात ३, मग ५, मग ७ असे मांडत गेले की दर वेळी चौरस पूर्ण होतो आणि १, ४, ९, १६ ही वर्गसंख्यांची रांग हाताला लागते. खर्च शून्य.

राज्याच्या पाठ्यपुस्तकाने हा विषय वगळलेला नाही. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात आकृतिबंध आणि बीजगणिताची पूर्वतयारी अशी प्रकरणे आली. अडचण एवढीच की ती पुस्तकाच्या अखेरीस आली, आणि शेवटची प्रकरणे मार्च-एप्रिलच्या घाईत कशी उरकली जातात, हे सर्वांना माहीत आहे. जून २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्याचा खुलासा करावा लागला. थट्टा पुष्कळ झाली. पण ज्या मुलाच्या घरी वारली बोली आहे आणि ज्याला शाळेत प्रथमच त्रेसष्ट, सदुसष्ट अशी जोडाक्षरे भेटतात, त्याच्या बाजूने विचार थोड्यांनीच केला. ‘साठ तीन’ म्हणताना संख्येची घडण कानाला ऐकू येते. दुसरीकडे जुन्या नावांतही एक मौज आहे : एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, गुजरातीतही ओगणत्रीस. डहाणूच्या बाजारपेठेतील दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना हे साम्य दाखवावे आणि मग विचारावे, ही चाल नव्व्याऐंशी आणि नव्याण्णव येथे का मोडते?

यावत्-तावत्

जैन वाचकांना या विषयाशी एक जुने नाते सांगता येईल. स्थानांग सूत्रात गणिताचे दहा विषय सांगितले आहेत. त्यांत ‘यावत्-तावत्’ हा एक आहे. ‘जितके, तितके’ असा त्याचा शब्दार्थ. जी संख्या अजून कळलेली नाही तिला ‘जितकी असेल तितकी’ म्हणून पुढे चालायचे. क्षचेच हे पूर्वरूप होय. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. एम. रंगाचार्य यांचे इंग्रजी भाषांतर मद्रासहून १९१२ मध्ये आणि लक्ष्मीचंद्र जैन यांचे हिंदी भाषांतर सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाकडून १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथात कंठहारासारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणे आहेत : १३९ × १०९ = १५१५१, १५२२०७ × ७३ = ११११११११, १२३४५६७९ × ९ = १११११११११. त्यांतच २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हेही आहे. सहा एकांच्या संख्येचा, १११११११ नव्हे तर ११११११ चा, वर्ग हाच येतो. अकराशे वर्षांनंतर कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांचा अभ्यास केला आणि डोंबिवली स्थानकावर ती कल्पना सुचली म्हणून त्यांना ‘डेम्लो’ असे नाव दिले.

असा वारसा आहे म्हणून मुले आपोआप हुशार होत नाहीत, हे सांगण्याची गरज नसावी. धवला टीकेत वीरसेनांनी अर्धच्छेद सांगितले, म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ते. ६४ चे सहा अर्धच्छेद. ही गोष्ट व्याख्यानात अभिमानाने सांगितली जाते. तिचा उपयोग पाठशाळेतल्या मुलांनी कागद दुमडून ३२, ६४ घरे मोजण्यात केला, तर ती जिवंत राहील.

समाजाच्या देणग्यांचाही येथे विचार व्हावा. दर वर्षी जूनमध्ये डहाणू-तलासरीच्या शाळांत वह्या, दप्तरे, गणवेश यांचे वाटप होते. ते होत राहावे. वर्गखोल्या बांधल्या जातात, पंखे लागतात, संगणक येतात आणि प्रत्येकावर दात्याचे नाव येते. शिक्षकांच्या चार दिवसांच्या गणित कार्यशाळेवर नाव रंगवता येत नाही, म्हणून तिला दाता मिळणे कठीण जाते. वास्तविक एका संगणकाच्या किमतीत अनेक शिक्षकांची अशी कार्यशाळा होऊ शकेल. चिंचोके, काड्या आणि जुना तराजू यांना तर देणगीदाराची गरजच नाही. व्यापारी घरातील आजोबांनी आठवड्यातून एक तास जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन रोजमेळातील नऊची युक्ती मुलांपुढे ठेवली, तर घेणारी मुले तेथे आहेत. मात्र उत्तर सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्यांना ते जड जाते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी करण्याजोगे एक काम येथे देता येईल. कापरेकरांची कृती दोन अंकी संख्येवर करावी. ९० − ०९ = ८१, ८१ − १८ = ६३, ६३ − ३६ = २७, ७२ − २७ = ४५, ५४ − ४५ = ०९, आणि पुन्हा ९० − ०९ = ८१. येथे ६१७४ किंवा ४९५ सारखा मुक्काम लागतच नाही. संख्या गोल गोल फिरत राहतात. तीन अंकांना विसावा आहे, चार अंकांना आहे, मग दोन अंकांना का नाही? आणि पाच अंकांचे काय? मुलांना कागद द्यावेत, कॅल्क्युलेटर लपवावा आणि आठवडाभर वाट पाहावी.